जुन्या बॅटरीचं काय केलंस?

पोस्ट मोठी आहे. सुरुवात एका गाडीपासून आहे, पण पोस्ट गाडीची नाही. निवांत असाल तेव्हा वाचा.

मागच्या महिन्यात सकाळी सकाळी काकूंचा फोन. "अरे, गाडी उठत नाहीये. चाचा म्हणतायत बॅटऱ्या गेल्या. तू जरा येऊन जा."

काकू म्हणजे मिरजेतल्या एका जुन्या डॉक्टरांच्या पत्नी. वय ८१. डॉक्टरकाका साठच्या दशकात शिकायला इंग्लंडला गेले आणि परत येताना डिग्रीबरोबर बोटीतून एक गाडीही घेऊन आले. एमजीबी, १९६५ चं मॉडेल. दोन सीटची, उघड्या टपाची, अठराशे सीसीची स्पोर्ट्स कार. इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या बनल्या. आमच्या लहानपणी मात्र जगात अशी एकच गाडी आहे आणि ती आपल्या गल्लीतून जाते, असंच आम्हाला वाटायचं. काका गेल्याला सहा वर्षं झाली. गाडी काकूंनी विकली नाही. दर रविवारी चाचा येतात, गाडी सुरू करतात, पंधरा मिनिटं चालू ठेवतात आणि चहा पिऊन जातात. चाचा सत्तरीचे. चाळीस वर्षं या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडी बंद पडली तर पत्रकाराला कशाला फोन? मला गाडीतलं काही कळत नाही. पण बॅटरीतलं थोडं कळतं. कारण माझ्या वडिलांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर ओळीनं लावलेल्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या बॅटऱ्या, आणि कायम नाकात जाणारा ॲसिडचा वास. शाळेतून आलो की माझं काम ठरलेलं. प्रत्येक सेलचं बूच उघडायचं, काचेची नळी बुडवून ग्रॅव्हिटी बघायची आणि पाटीवर खडूनं लिहायची. बाराशे पन्नास, बाराशे साठ. अकराशेला आली की सेल मेला.

तर गेलो.

ही गाडी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मॉडेलला बॉनेटखाली बॅटरी नाही. सीटच्या मागं फळीखाली, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढं, शाफ्टच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाळणे आहेत. एकेका पाळण्यात सहा व्होल्टची एक बॅटरी. दोन्ही एका जोडवायरनं जोडल्या की बारा व्होल्ट. वजन खाली आणि मध्यावर राहावं म्हणून कंपनीनं केलेली सोय. चालवणाऱ्याला चांगली, पण बॅटरी बदलणाऱ्याच्या कंबरेला वाईट. सीट पुढं ओढायची, गालिचा काढायचा, फळीचे स्क्रू सोडायचे, गुडघ्यावर बसून वाकायचं आणि खड्ड्यातून दहा-अकरा किलोचा ठोकळा सरळ वर उचलायचा. असं दोनदा.

चाचांच्या मणक्यात गॅप आहे. पट्टा लावून फिरतात. तरी त्यांनी मी यायच्या आधीच एक बॅटरी वर काढून ठेवली होती आणि ओट्यावर आडवे पडले होते. काकू मला बघून म्हणाल्या, "हे असं चालणार नाही. हलकी बॅटरी नसते का रे? मोबाइलमध्ये एवढी एवढीशी असते."

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले.

पहिल्यांदा वजन केलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला काटा मागून आणला. दोन्ही मिळून बावीस किलो तीनशे ग्रॅम. सगळी गाडी सव्वानऊशे किलोच्या आसपास. तिकडं शर्यतीत पळवणारे लोक म्हणे एकेक किलो कमी करायला पैसे मोजतात. आपल्याला शर्यत लावायची नव्हती. चाचांची पाठ वाचली पाहिजे आणि रविवारी गाडी उठली पाहिजे, एवढंच.

काकूंचा मुलगा इंग्लंडातच असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "दादा, लिथियम घ्या. साडेतीन किलोची येते. आईसुद्धा एका हातानं उचलेल." इथल्या एका विक्रेत्याचा भाव काढला तर चौदा हजार. मुलगा म्हणाला, पैशाची काळजी करू नका.

आता लिथियम म्हटलं की लोकांना पेटलेल्या स्कूटर आठवतात. पण गाडीला लावायची ही जात वेगळी. लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा पाया घालणारा शोधनिबंध १९९७ चा, जॉन गुडइनफ यांच्या अमेरिकेतल्या गटाचा. त्यावर पहिलं नाव अक्षय पाधी यांचं आहे. गुडइनफना पुढं २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. ही जात इतर लिथियमपेक्षा बरीच थंड डोक्याची. ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट, म्हणजे शिशाच्या बारा व्होल्टच्या जागी चालण्यासारखी. महिनोन् महिने नुसती ठेवली तरी फारशी उतरत नाही. कागदावर तर काकूंच्या गाडीसाठी याच्याइतकं योग्य काही नव्हतं.

मग मी त्या विक्रेत्याला प्रश्न विचारायला लागलो. पत्रकाराची खोड.

पहिला प्रश्न: लेबलवर ३५ अँपिअर-अवर लिहिलंय, ते खरं आहे का? तो जरा थांबला. मग म्हणाला, "सर, ते इक्विव्हॅलंट आहे." म्हणजे काय, तर शिशाच्या ३५ च्या बॅटरीइतकी गाडी उठवायची ताकद हिच्यात आहे. आत साठा खरा बारा. यात खोटं काही नाही, सेल्फ मारायला साठ्यापेक्षा एका झटक्यात किती करंट मिळतो हेच महत्त्वाचं असतं. पण रात्री दिवे चालू राहिले तर बाराच्या हिशेबानंच उतरणार, पस्तीसच्या नाही. हे लेबलवर बारीक अक्षरातही नव्हतं.

दुसरा प्रश्न: चार्जिंग किती व्होल्टनं? "साडेचौदापर्यंत ठीक, पंधराच्या वर गेलं तर आतलं सर्किट बॅटरी तोडून टाकतं." इथं चाचा, आडवे पडल्या पडल्या, हसले. कारण या गाडीला अल्टरनेटर नाहीच. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीला डायनामो आणि डबीतला कटआऊट. स्प्रिंगा, पत्रे आणि पॉइंट. साठ वर्षांचा कटआऊट कधी १४ देतो, कधी थंडीत सकाळी १५ ला जाऊन येतो. शिशाची बॅटरी हे सगळं पोटात घालते, थोडं पाणी उडतं एवढंच. लिथियमचं सर्किट मात्र चालत्या गाडीत बॅटरी तोडणार. मग डायनामोवर बॅटरीचा लगाम राहत नाही. चाचा म्हणाले, "बेटा, म्हाताऱ्या घोड्याला नवा लगाम लावायचा तर आधी घोडा तपासावा लागतो."

आणखी एक गोष्ट. या गाडीची बॉडी प्लसला जोडलेली आहे. आपल्या सगळ्या गाड्यांत बॉडी म्हणजे मायनस, हिच्यात उलटं. चाचांनी फळीच्या आतून लाल रंगात मोठं "+" काढून ठेवलंय, कारण एका नव्या इलेक्ट्रिशियननं एकदा सवयीनं उलटी जोडली होती. बॅटरीला स्वतःला याचं काही नसतं, आपलं कुठलं टोक बॉडीला गेलंय हे तिला कळत नाही. पण हलकी बॅटरी म्हणून आणाल तिची टर्मिनलं कुठल्या बाजूला आहेत, आपल्या वायरी तिथवर पोचतात का, हे बघूनच आणावी लागते. वायर ओढून बसवली आणि ती पत्र्याला घासली की काम तमाम.

तिसरा प्रश्न: ही संपली की कुणाला द्यायची? विक्रेता म्हणाला, "दहा वर्षं काही होत नाही सर." मी म्हटलं, आणि दहा वर्षांनी? तो म्हणाला, "तिला भंगारात कोण घेत नाही. टाकून द्यायची."

टाकून द्यायची. कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.

लिथियम वाईट असं मी म्हणत नाही. नवा कंट्रोल बसवलेली गाडी असेल, विकणारा परत घेण्याची जबाबदारी लिहून देत असेल, तर जरूर घ्या. आमच्याकडं दोन्ही नव्हतं.

मग चाचांनीच रस्ता काढला. हायब्रिड गाड्यांच्या डिकीत बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. शिशाचीच, पण एजीएम. म्हणजे आत ॲसिड डुचमळत नाही, काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. सांडत नाही. माणसं बसतात त्याच भागात ठेवायची म्हणून तिला वाफ बाहेर काढायला बारीक नळी जोडायची सोयही असते. आमच्या पाळण्यांचा पत्रा जुन्या बॅटऱ्यांच्या ॲसिडनं किती खाल्लाय ते मी बघितलं होतं, बोट जाईल एवढं भोक होतं. तेव्हा हा मुद्दा लाखाचा.

बॅटरीवरचा तो नंबर वाचायला शिकून घ्या, उपयोगी आहे. ३४बी२० असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा ताकदीचा, "बी" म्हणजे रुंदी-उंचीचा साचा, २० म्हणजे लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आणि पुढं एल किंवा आर असेल तर ते टर्मिनल कुठल्या बाजूला हे सांगतं. मी पट्टी घेऊन पाळणा मोजला. एका पाळण्यात आख्खी बारा व्होल्टची बसत होती. म्हणजे दोनच्या जागी एक. वजन काट्यावर दहा किलो शंभर ग्रॅम. बारा किलो कमी, एक पाळणा रिकामा, मधली जोडवायर बाद. साडेसात हजार रुपये. साधी, ॲसिड भरायची त्याच मापाची साडेतीन हजारांत मिळत होती, पण सांडणारं ॲसिड पुन्हा त्या पत्र्यावर नको होतं.

दुकानदार मला थंडीत सुरू होण्याचा आकडा दाखवायला लागला. तो आकडा उणे १८ अंशांवर मोजतात. मिरजेत उणे अठरा फक्त आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये असतं. आपल्याकडं बॅटरी थंडीनं कमी आणि उन्हाळ्यानं जास्त मरते. त्या बाबतीत इंजिनापासून लांब, सीटमागं बॅटरी ठेवणाऱ्या इंग्रजांनी आपल्यावर नकळत उपकारच केलेत.

काकूंना एकच शंका होती. "गाडी बदलल्यासारखी तर नाही ना होणार? ह्यांनी एक स्क्रूसुद्धा बदलू दिला नव्हता." गाडी पुढं व्हिंटेजमध्ये नोंदवायची त्यांच्या मनात आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती सोय आहे आणि अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. बॅटरी ही बदलायचीच वस्तू. मी तसं सांगितलं, त्यांचं समाधान झालं.

बॅटरी ठरली. विषय संपला, असं मला वाटलं.

दुकानात पैसे देताना मालकानं विचारलं, "जुन्या आणल्यात का? बावीस किलो म्हणता, चौदाशे कमी करतो." मी म्हटलं, उद्या आणतो. बाहेर पडलो तर गाडीअड्ड्यावरचा एक ओळखीचा भंगारवाला भेटला. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "एकोणीसशे रोख. घरून घेऊन जातो. बिल-बिल काय नको."

पाचशे रुपये जास्त, वर उचलून न्यायची कटकट नाही. मी "या संध्याकाळी" म्हणून टाकलं.

घरी येऊन जुन्या बॅटऱ्या पुसायला घेतल्या. जुन्या पद्धतीचे काळे, जाड रबरी डबे. पूर्वी डबा टाकून देत नसत, आतल्या प्लेटी बदलून तोच डबा वर्षानुवर्षं वापरायचे. एकावरचा मळ निघाला आणि खाली पांढऱ्या रंगातली दोन अक्षरं दिसली. वडिलांच्या दुकानाची खूण. शेजारी त्यांच्या हातचा आकडा: ९१.

१९९१ मध्ये मी बारा वर्षांचा होतो. हा डबा मी हाताळलाही असेल.

काकूंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "अरे, तुझे बाबाच भरून द्यायचे की. ते गेल्यावर त्यांच्या कारागिरानं भरल्या." त्यांना वाटत होतं मला हे माहीत आहे.

आता जे लिहितोय ते आजवर लिहिलं नाही.

मेलेल्या बॅटरीच्या जुन्या प्लेटी वडील पोत्यात भरून ठेवायचे. महिन्यातून एकदा एक माणूस सायकलवरून, नंतर लुनावरून यायचा आणि पोती घेऊन जायचा. त्याची गावाबाहेर ओढ्याकाठी भट्टी होती. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला फार काही लागत नाही. कढई, कोळसा, पंखा. डबे फोडायचे, ॲसिड ओढ्यात, प्लेटी कढईत. थोडं शिसं वडील स्वतःही दुकानामागं वितळवायचे, टर्मिनल आणि पट्ट्या ओतायला. मी बाजूला बसून बघायचो. चांदीसारखं दिसायचं. वरची साय चमच्यानं बाजूला काढायचं काम माझं. आई वडिलांचे कपडे वेगळे धुवायची, पण ती ॲसिडनं इतर कपड्यांना भोकं पडतात म्हणून. त्या कपड्यांवर आणखी काय असतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात चार-पाच पट जास्त शोषलं जातं. ते मेंदूवर, बुद्धीवर, वागण्यावर परिणाम करतं आणि हाडांत साठून राहतं. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं अहवाल दिला की जगातल्या दर तीन मुलांमागं एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. त्याच्या मोठ्या कारणांत त्यांनी हेच सांगितलं: गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं. २००० साली आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. बॅटरीतलं राहिलं.

वडील शेवटची वर्षं पोटदुखीनं, हातातल्या अशक्तपणानं हैराण होते. स्पॅनर हातातून निसटायचा. शिशानं झालं का? कुणी कधी तपासलंच नाही, त्यामुळं मी तसं म्हणणार नाही. पण तपासायचं सुचलंही नाही, हे मात्र म्हणेन.

आणि दुसरी गोष्ट. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका वस्तीवरून मला फोन आला होता. रात्री धूर येतो, घसा खवखवतो, दोन म्हशी मेल्या, तुम्ही या. मी गेलो. ओढ्याकाठी तीच भट्टी. शेडच्या बाहेर फोडलेल्या डब्यांचा ढीग. त्यावर तीन पोरं खेळत होती. मी फोटो काढले. तेवढ्यात आतून तो माणूस बाहेर आला. म्हातारा झाला होता. मला ओळखलं त्यानं. "तू अमक्याचा पोरगा ना? ये, चहा घे."

माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाची फी भरायला वडिलांकडं पैसे नव्हते, तेव्हा यानंच आठ हजार आगाऊ दिले होते. पुढच्या पोत्यांवर वळते करून घेऊ म्हणाला होता.

मी चहा घेतला. बातमी दिली नाही. संपादकांना सांगितलं, विशेष काही नाही तिथं. कुणाचा दबाव नव्हता, जाहिरातीचा प्रश्न नव्हता. दबाव-जाहिरातींवर आम्ही पत्रकार तावातावानं बोलतो. चहाच्या कपावर बोलत नाही. वस्तीवरच्या ज्या बाईनं फोन केला होता तिनं पुन्हा एकदा केला. तो मी उचलला नाही. ती भट्टी पुढं आपोआप बंद झाली, माणूस वारला. ती पोरं आज विशीत असतील.

संध्याकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी त्याला नाही म्हटलं. तो वैतागला, "साहेब, शब्द दिलता." बरोबर होतं त्याचं. डिझेलचे शंभर रुपये दिले. मग त्याला विचारलं, तू पुढं कुणाला देतोस? तो म्हणाला, "मोठ्या व्यापाऱ्याला." तो व्यापारी? "काय की. रात्री गाडी येती." त्याचा राग नाही मला. तो आपल्या पोटासाठी फिरतो, आणि पहिली झळ त्यालाच लागते. दुकानदार चौदाशे आणि हा एकोणीसशे कसे देतो, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. रीतसर कारखान्याला धुराची गाळणी लागते, ॲसिड निवळायची टाकी लागते, कामगारांच्या रक्ताच्या तपासण्या लागतात. ओढ्याकाठच्या भट्टीला यातलं काही लागत नाही. ते पाचशे रुपये तिथून येतात. मला जास्त मिळणारे पाचशे कुणीतरी दुसरा भरतो, आणि बहुतेक वेळा तो दहा वर्षांच्या आतला असतो.

कायदा नाही असं नाही. २००१ पासून शिशाच्या जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत. २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले, त्यांत लिथियमसह सगळ्या बॅटऱ्या आल्या. बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी टाकली. त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं आणि पुनर्वापर करणाऱ्यांनी राज्य मंडळाकडं नोंदणी करायची. आपल्यावर, म्हणजे ग्राहकांवरही, एक ओळीची जबाबदारी आहे: बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायची. बस.

शिशाच्या बॅटरीची गंमत अशी की ती जवळजवळ पूर्ण परत वापरता येते. शिसं वितळवून पुन्हा प्लेटी होतात, प्लास्टिकचा डबा पुन्हा डबा होतो. नीट वाटेनं गेली तर यासारखी परत येणारी वस्तू नाही. वाट चुकली तर यासारखं विष नाही. आणि वाट ठरते ती दुकानाच्या दारात, पाचशे रुपयांवर.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकूंचा ड्रायव्हर दोन्ही बॅटऱ्या उभ्याच, ॲसिड न सांडता, प्लास्टिकच्या टबात ठेवून दुकानात घेऊन गेलो. निघताना चाचांना म्हटलं, तो एक डबा ठेवून घेऊ का, बाबांची आठवण. चाचा म्हणाले, "रबरात शिसं मुरलेलं असतं. घरात नातवंडं येतात तुझ्या. आठवण काय डब्यात असते का?"

डबा दिला. खुणेचा फोटो काढून ठेवलाय.

दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं: "जुन्या बॅटऱ्या २ नग, २२.३ किलो, परत घेतल्या." त्यानं विचारलं, "असं कुणी मागत नाही, तुम्हाला कशाला?" मी म्हटलं, लिहा तर खरं. मग विचारलं, तुमच्याकडून पुढं कुठं जातात? त्यानं ड्रॉवरमधून कंपनीच्या गाडीच्या पावत्या काढून दाखवल्या. माझं समाधान होण्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर जरा अभिमान दिसला, ते मला जास्त आवडलं. कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं.

गेल्या रविवारी नवी बॅटरी बसवली. पाळण्याच्या भोकाला वेल्डिंग करून पत्रा लावला, रंग मारला. नव्या बॅटरीची टर्मिनलं जपानी मापाची, बारीक. इंग्रजी लग ढिले होत होते, त्यांना शिशाच्या टोप्या घातल्या. लाल "+" पुन्हा एकदा ठळक केला. कटआऊट तपासून साडेचौदाच्या आत आणला. उभी असताना गळती नको म्हणून एक कटऑफ स्विच बसवला. बॅटरी आत ठेवायचं काम मी केलं, चाचा खुर्चीत बसून सूचना देत होते.

काकूंनी चावी फिरवली. या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेचा आणि मागंच, बॅटरीच्या शेजारी. चावी फिरवली की आधी टिकटिक टिकटिक ऐकू येतं, कार्बोरेटर भरले की टिकटिक थांबते, मग सेल्फ मारायचा. काकू ती टिकटिक थांबेपर्यंत डोळे मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या झटक्याला इंजिन उठलं. काकू ड्रायव्हरशेजारी बसून कृष्णा घाटापर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "हलकी वाटली रे गाडी." बारा किलोनं असं काही जाणवत नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझ्याकडं वस्तीवरच्या त्या बाईचा नंबर अजून आहे. परवा लावला. लागला नाही. उद्या तिकडं जाऊन येणार आहे. ओढा, शाळा, आणि त्या शेडच्या जागेवर आता काय आहे, ते बघायचंय. मातीची तपासणी कुठं आणि कशी होते याची चौकशी सुरू केलीय. जे सापडेल ते इथं लिहीन. यावेळी चहा घेऊनही लिहीन.

तोवर एवढंच करा. गाडीची, स्कूटरची, इन्व्हर्टरची बॅटरी घ्याल तेव्हा जुनी त्याच दुकानात द्या आणि बिलावर तसं लिहून मागा. पुढं कुठं जाते ते विचारा. लिथियमवाल्याला तर आधीच विचारा. आणि आपल्या भागात रात्री आंबूस, घसा धरणारा धूर येत असेल, फुटलेले काळे डबे पडलेले दिसत असतील तर मला कळवा. नाव छापणार नाही.

आणि हो, तुमच्या घरच्या इन्व्हर्टरची मागची बॅटरी कुणाला दिली होती, आठवतंय का? मलाही आठवत नाहीये. सकाळपासून बिलं शोधतोय.